सुई उडाली की लगेच वजन वाढवू नका

बर्लिनच्या नॉयकोल्न भागात शनिवारी रात्री चालत निघालं, की दर दोन-चार दारांआड एखादा लहानसा बार लागतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात दोन टर्नटेबलं, मध्ये मिक्सर आणि मागे रेकॉर्डांनी ठासून भरलेल्या पेट्या असतात. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आठवते आणि गाणी लॅपटॉपवरून किंवा पेन ड्राइव्हवरून वाजतात. इथल्या मोठ्या क्लबांतही पेन ड्राइव्ह सर्रास चालतो. तरीही रेकॉर्ड वाजवणारे डीजे या शहरात टिकून आहेत आणि शहराला त्यांचा अभिमान आहे. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान दिलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बारवाल्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं होतं.

आठवडाभर मी एका कंपनीत यंत्रांची रेखाटनं करते. शनिवारी संध्याकाळी मात्र अशाच एका बारमधली टर्नटेबलं लावून द्यायचं काम माझ्याकडे असतं. आई फोनवर विचारते, "अगं, पण त्यात लावून द्यायचं असतं काय?" तिच्यासाठी आणि घरी जुन्या रेकॉर्डा जपून ठेवलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

रात्री अकराच्या सुमाराला माणसं नाचायला लागतात, गाणं रंगात येतं आणि अचानक सुई उडून चार ओळी पुढे जाते. ताल तुटतो, सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळतात. अशा वेळी बहुतेक डीजेंचा हात आधी टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागच्या काउंटरवेटकडे, तिथल्या फिरत्या वजनाकडे जातो. वजन एक ग्रॅमने वाढतं. तरी उडते? मग कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई जिला बसवलेली असते त्या डबीच्या, डोक्यावर नाणं ठेवलं जातं. मला या सवयीचा मनापासून राग येतो. एलपीची खाच वरून मोजली तर मिलिमीटरच्या साधारण पाच-सहा शतांश भागाएवढी रुंद असते आणि गोल टोकाच्या सुईची त्रिज्या सुमारे १८ मायक्रॉन. एवढ्याशा टोकावर तीन ग्रॅम पडले तरी खाचेच्या भिंतीवर प्रचंड दाब येतो. त्यावर आणखी भार टाकला की सुईची बारीक दांडी वर ढकलली जाते, तिचा रबरी आधार दबतो, कार्ट्रिजचं पोट रेकॉर्डला घासायला लागतं आणि खाच झिजते. इथल्या डीजेंच्या पेट्यांमध्ये अशा कितीतरी रेकॉर्डा असतात ज्या पुन्हा कधी छापल्या जाणार नाहीत. कारण न शोधता त्यांच्यावर भार टाकणं मला पटत नाही.

म्हणून सुई उडाली की मी दोनच प्रश्न विचारते: कुठे उडाली, आणि कुठल्या बाजूला गेली? या दोन उत्तरांवरून निम्मं निदान होतं.

दर वेळी एकाच जागी उडत असेल तर दोष रेकॉर्डमध्ये आहे, यंत्राला हात लावायचं कारण नाही. रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरली की ओरखडा दिसतो, नाहीतर वाळलेल्या बिअरचा ठिपका. ठिपका असेल तर डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापड घेऊन खाचेच्या दिशेने पुसायचं. सुईच्या टोकाशी धुळीचा बोळाही जमतो आणि त्यावर सुई अक्षरशः तरंगते. बारीक ब्रश मागून पुढे, एकाच दिशेने फिरवायचा. उलटा फिरवला तर दांडी वाकू शकते.

वेगवेगळ्या जागी उडते, आणि माणसं नाचायला लागल्यावरच उडते? मग जमिनीकडे बघायचं. बर्लिनच्या जुन्या इमारतींना इथे अल्टबाउ म्हणतात. त्यातल्या कितीतरी शंभर वर्षांहून जुन्या आहेत आणि त्यांच्या जमिनी लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेल्या आहेत. दिसायला सुंदर, पण चाळीस माणसं एका तालात नाचायला लागली की ती जमीन खालीवर होते. मिनिटाला १२५ ठोक्यांचं गाणं म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन धक्के. टोनआर्म आणि कार्ट्रिज मिळून झोक्यासारखी एक प्रणाली होते. तिची स्वतःची कंपनसंख्या साधारण ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास असते आणि जमिनीचे हादरे त्या पट्ट्याच्या जवळ आले की आर्म डोलायला लागतो. यात बास स्पीकर त्याच फळ्यांवर ठेवलेला असेल तर आवाजच टेबलमार्फत सुईपर्यंत परत येतो, सुई तो पुन्हा स्पीकरला देते आणि एक जाड गुरगुर खोलीत भरते.

इथे वजनाचा काहीच उपयोग नाही. आमच्या बारमध्ये टेबलाचे पाय आता फळ्यांवर नाहीत, ते भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कंसांवर आहेत. कंसांवर बागेत घालतात तशी काँक्रीटची जाड लादी, लादीखाली रबराचे तुकडे आणि वर टर्नटेबल. जड लादी हलायला वेळ घेते, रबर बारीक कंप खातं. भिंतीत खिळा मारायला घरमालक देत नाही तिथे लोक अर्धे कापलेले स्क्वॉशचे चेंडू लादीखाली ठेवतात, तेही चालतं. बास स्पीकर मात्र त्या टेबलापासून लांबच हवा. हा एक बदल केल्यावर इतर सगळे उपाय निम्म्याने सोपे होतात, असा माझा अनुभव आहे.

आता दुसरा प्रश्न, बाजूचा. सुई नेहमी आतल्या बाजूलाच, म्हणजे रेकॉर्डच्या मध्याकडे, उडत असेल तर आधी पाणसळ काढायची. गवंड्याची लहान पाणसळ प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्ड ठेवतात त्या फिरत्या थाळीवर ठेवा, मग नव्वद अंशांत फिरवून पुन्हा बघा. टेक्निक्स या जपानी कंपनीच्या टर्नटेबलाचे चारही पाय पिळून वरखाली करता येतात आणि ते याच कामासाठी आहेत. बारचं टेबल एका बाजूला कललेलं असलं तर आर्म सगळा वेळ उताराकडे ओढला जातो.

पातळी ठीक असेल तर अँटी-स्केट. या भागाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज ऐकू येतात, म्हणून जरा थांबून सांगते. आर्मचं डोकं आतल्या बाजूला वळवलेलं असतं. रेकॉर्ड फिरते तेव्हा घर्षण सुईला खाचेच्या दिशेने ओढतं. ही ओढ आर्म ज्यावर फिरतो त्या खुंट्यातून सरळ जात नाही, त्यामुळे आर्म थोडा आतल्या बाजूला सरकू पाहतो. अँटी-स्केटची चकती त्याला हलकेच बाहेर ओढते आणि हिशोब बरोबर होतो. घरी बसून एलपी ऐकणाऱ्यासाठी हे अगदी योग्य आहे. पण डीजे रेकॉर्ड हाताने मागेही फिरवतो. मागे फिरवताना घर्षणाची दिशा उलटते, आता तेच घर्षण आर्मला बाहेर ढकलतं, आणि अँटी-स्केटही बाहेरच ओढत असतं. दोन्ही ओढी एकत्र आल्या की सुई बाहेरच्या बाजूला उडते. म्हणून स्क्रॅच करणारे, म्हणजे सुई खाचेत ठेवून रेकॉर्ड हाताने झटकन मागेपुढे करणारे बरेच डीजे ही चकती शून्यावर ठेवतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कोण काय वाजवणार हे विचारल्याशिवाय मी त्या चकतीला हात लावत नाही.

हाताने मागेपुढे करण्याची ही कला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली. १९७० च्या दशकाच्या मध्यात ग्रँड विझर्ड थिओडोर या कोवळ्या मुलाने स्क्रॅचचं तंत्र काढलं, असं मानलं जातं. ज्या यंत्रावर ही कला पुढे वाढली ते टेक्निक्सचं एसएल-१२०० खरं म्हणजे दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्यांसाठी १९७२ मध्ये जपानमध्ये आलं होतं. मोटर थेट प्लॅटरला जोडलेली, मध्ये पट्टा नाही, त्यामुळे हात सोडला की प्लॅटर क्षणात वेग पकडतो. १९७९ मध्ये त्याची पुढची आवृत्ती, एमके-२, आली, वेगाची सरकपट्टी घेऊन, आणि डीजेंनी ते आपलंसं केलं. कंपनीने २०१० मध्ये उत्पादन थांबवलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं. बर्लिनच्या बारांत दिसतात ती बहुधा जुनीच एमके-२, कडा घासलेली, दिवे मंदावलेले, पण वेग काटेकोर.

फक्त मागे फिरवतानाच सुई उडत असेल तर अँटी-स्केटखेरीज आणखी काही जागा बघायच्या असतात. रेकॉर्ड सहज सरकावी म्हणून तिच्याखाली पसरलेली कापडी चकती, म्हणजे स्लिपमॅट, मळका किंवा ओलसर झाला असेल तर रेकॉर्ड सुळकन सरकत नाही, हात जोर लावतो आणि त्या जोराने रेकॉर्ड हादरते. नवा स्लिपमॅट मिळेपर्यंत रेकॉर्डच्या आतल्या प्लास्टिकच्या पाकिटातून गोल कापून मॅटखाली घाला, फरक लगेच जाणवेल. दुसरी जागा म्हणजे रेकॉर्डचं मधलं भोक. वर्षानुवर्षं वाजवून ते सैल झालं की रेकॉर्ड प्लॅटरच्या मधल्या खुंटीभोवती डुलते. खुंटीला पातळ चिकटपट्टीचा एक वेढा दिला की डुलणं थांबतं. तिसरी जागा सुईच. मागेपुढे करायचं असेल तर गोल टोकाची सुई घ्यावी. लंबवर्तुळाकार टोक ऐकायला जास्त तपशील देतं, पण उलट फिरवताना खाच खरवडतं. झिजलेली सुई भिंगाखाली सपाट दिसते आणि ती फेकून द्यायची, कितीही महाग असली तरी. यंत्र नव्वद अंश वळवून आर्म पलीकडे नेतात तेही याच गरजेतून, म्हणजे झटक्यात हात फिरला तरी तो आर्मला लागत नाही.

आता वजन. हो, शेवटी वजनही बघायचं असतं, पण नीट. आधी अँटी-स्केट शून्यावर. मग काउंटरवेट फिरवत आर्म असा तोलायचा की तो रेकॉर्डच्या पातळीत हवेत तरंगेल. मग आकड्यांची पुढची कडी तेवढी शून्यावर आणायची, आणि त्यानंतर पूर्ण वजन कडीसकट हव्या त्या ग्रॅमपर्यंत फिरवायचं. नवशिके दुसऱ्या पायरीतच फसतात. ते कडी दोनवर आणतात आणि दोन ग्रॅम झाले असं समजतात, प्रत्यक्षात सुईवर काहीच वजन नसतं! लहानसा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, तो प्रत्येक बारमध्ये असावा. कार्ट्रिज बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या आतच राहायचं. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनची डीजेंसाठीची काँकॉर्ड कार्ट्रिजं तीन-चार ग्रॅमवर चालतात. शुअर कंपनीचं एम-४४-७ हे स्क्रॅचवाल्यांचं लाडकं कार्ट्रिज दीड ते तीन ग्रॅममध्येच खाच घट्ट धरून ठेवायचं. २०१८ मध्ये शुअरने कार्ट्रिजं बनवणं बंद केलं आणि तेव्हापासून लोक जुने साठे शोधत फिरतात. वेगळं हेडशेल, म्हणजे कार्ट्रिज बसवायचं आर्मचं सुटं डोकं, वापरत असाल तर टेक्निक्सच्या आर्मवर सुईचं टोक हेडशेलच्या रबरी वॉशरपासून ५२ मिलिमीटरवर यायला हवं. पुढेमागे झालं की कोन बिघडतो.

हे सगळं करूनही उडते, तर आर्म धरून अगदी हलक्या हाताने पुढेमागे हलवून बघा. खुंट्यात खडखड जाणवली तर बेअरिंग ढिले झाले आहेत. तोललेल्या आर्मवर फुंकर घातली आणि तो अडखळत सरकला तर बेअरिंग घट्ट झाले आहेत. हे काम ज्याला जमतं त्याच्याकडेच द्यावं. त्यातले स्क्रू फार नाजूक असतात आणि मीही त्यांना हात लावत नाही.

एक कारण मात्र बारवाल्याच्याही हातात नसतं. रेकॉर्डची मूळ खाच कोरताना खोल बास डाव्या-उजव्या बाजूंना वेगवेगळा कापला गेला तर खाच काही ठिकाणी उथळ होते आणि सुई वर उचलली जाते. म्हणून रेकॉर्ड कापणारे बास मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा ठेवतात. बर्लिनमध्ये १९९५ पासून चालणारा डबप्लेट्स अँड मास्टरिंग हा स्टुडिओ अशाच कामासाठी ओळखला जातो. नीट कापलेली १२ इंची रेकॉर्ड हादरणाऱ्या जमिनीवरही बरंच काही सोसते.

आता घरच्यांसाठी. तुमच्याकडे आजोबांच्या ७८ वेगाच्या तबकड्या असतील तर यातलं कुठलंही कार्ट्रिज तसंच वापरू नका. त्यांची खाच कितीतरी रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची वेगळी सुई लागते, आणि एलपीची सुई तिच्या तळाशी घसरत राहते. एमके-२ वर ७८ चा वेगही नाही. नव्या एमके-७ वर आहे. आणि तबकडी पुसताना अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव्य वापरू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड पाण्याने किंचित ओलं केलेलं कापड घ्या, कागदी लेबलाला ओल लागू देऊ नका, आणि पाकिटात घालण्याआधी तबकडी उभी ठेवून पूर्ण वाळू द्या.