पालकाचा रंग आणि नातेवाइकांचा पाला

"पानातल्या हिरव्या रंगावर औषधाचा कारखाना चालेल का?" नाशिकमध्ये रसायनशास्त्र शिकवत असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विद्यार्थ्यांपेक्षा तो द्राक्षबागा असलेले नातेवाईक अधिक विचारतात, कारण ऑक्टोबरच्या छाटणीतला पाला त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेक सेंद्रिय रेणू रंगहीन असतात, त्यामुळे साध्या उजेडाचे त्यांना सोयरसुतक नसते. पानातला हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य मात्र निळा आणि सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश शोषते, मिळालेली ऊर्जा ऑक्सिजनला देते किंवा शेजारच्या रेणूशी इलेक्ट्रॉनची देवघेव करते, आणि पुन्हा पूर्वस्थितीला येते. म्हणूनच ते उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्च न होता प्रकाशाच्या जोरावर अभिक्रिया घडवून आणणारे. प्रयोगशाळांत हे काम अनेकदा रुथेनियम आणि इरिडियम या दुर्मीळ, महाग धातूंच्या संयुगांकडून करून घेतले जाते. कल्पना तशी जुनीच आहे: १९४४ मध्ये जर्मनीत शेंक आणि झिग्लर या रसायनशास्त्रज्ञांनी हरितद्रव्य व प्रकाश वापरून अल्फा-टर्पिनीन या सेंद्रिय रेणूला ऑक्सिजन जोडला आणि अॅस्कॅरिडोल हे जंतांवरचे औषध बनवले.

अडचण कुठे आहे, ते दाखवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना पालक अॅसिटोनमध्ये खलून गाळायला लावते. अतिनील दिव्याखाली तो हिरवागार अर्क लालभडक दिसतो, तेव्हा मागच्या बाकांवरचेही पुढे येतात. मग त्यात आम्लाचा थेंब टाकला की रेणूच्या मध्यभागचे मॅग्नेशियम सुटते आणि रंग खाकी होतो. चिंच घातलेल्या पालकाच्या भाजीचा रंग उतरतो, तो याच कारणाने. उरलेली बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली, तर तीही हळूहळू फिकी पडते, कारण ज्या प्रकाशाने काम होते, तोच त्या रेणूला मोडतो. साडीवरचा हळदीचा डाग उन्हात जातो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे, आणि हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या रंगद्रव्यालाही उत्प्रेरक म्हणून वापरताना हेच भोगावे लागते. जिवंत पानात कॅरोटिनॉइड्स ही पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये हरितद्रव्याची राखण करतात आणि मोडलेल्याच्या जागी नवे घडत राहते. बाटलीत यातले काहीच नसते.

शिवाय अर्क काढायला लागणारे अॅसिटोन आणि शुद्धीकरणाचा खर्च हिशेबात धरला नाही, तर केवळ वनस्पतीतून आले म्हणून एखाद्या प्रक्रियेला हरित, म्हणजे पर्यावरणस्नेही म्हणणे मला पटत नाही. थोड्या प्रमाणातल्या, नाजूक अभिक्रियांसाठी हा मार्ग उत्तम आहे. कारखान्यासाठी मात्र हा रेणू आधी टिकाऊ करावा लागेल. छाटणीचा पाला तर बहुतेक निबर, पिवळा पडू लागलेला असतो, तेव्हा तो खतालाच टाका, असे मी नातेवाइकांना तूर्त तरी सांगते.