मोरोविंडमध्ये वार का चुकतात

मोरोविंड हा मे २००२ मधला रोल-प्लेइंग कॉम्प्युटर गेम. आज पुन्हा लावला की पहिल्या दहा मिनिटांत बहुतेकांचा वैताग एकच असतो. तलवार समोरच्याच्या छातीतून आरपार जाताना दिसते, पण लागत नाही. गेम बिघडलेला नसतो. प्रत्येक वाराला आत फासे पडतात, आणि त्या फाशांत कौशल्याबरोबरच मोठा वाटा दमाचा, म्हणजे खालच्या हिरव्या पट्टीचा.

हिशोब असा: शस्त्राचं कौशल्य, अधिक अॅजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा भाग, अधिक लकचा (नशिबाचा) दहावा भाग. ही बेरीज हिरवी पट्टी भरलेली असेल तर १.२५ ने गुणायची, रिकामी असेल तर ०.७५ ने. पात्र बनवताना रेडगार्ड हा वंश घ्या, लाँग ब्लेड (लांब तलवार) मेजर म्हणजे मुख्य कौशल्यांत ठेवा, स्पेशलायझेशन कॉम्बॅट म्हणजे लढाईचं. कौशल्य ५० पासून सुरू होतं. अॅजिलिटी ४०, लक ४०, म्हणजे ५० + ८ + ४ = ६२. दम पूर्ण असेल तर साधारण ७७ टक्के, संपला असेल तर ४६. यातून शत्रूची चुकवण्याची ताकद अजून वजा व्हायची असते.

आता नेहमीची चूक बघा. सुरुवातीच्या सेडा नीन गावातल्या सरकारी कचेरीत टेबलावर लोखंडी खंजीर मिळतो. हातात काहीच नसतं म्हणून तोच घेऊन लोक गुहेत शिरतात. पण खंजिराला शॉर्ट ब्लेडचं कौशल्य लागतं, आणि ते मेजर-मायनरमध्ये (मुख्य किंवा दुय्यम कौशल्यांत) नसेल तर रेडगार्डचंही १० च्या आसपास. १० + ८ + ४ = २२, पूर्ण दमातही २७ टक्के. त्यात गुहेपर्यंत धावत गेलेलं, म्हणजे दमही गेलेला. पाचात एक वारही लागणार नाही. शत्रू दिसण्याआधी चालत जा, पट्टी भरू द्या, मग तलवार काढा. ज्या शस्त्राचं कौशल्य आहे तेच हातात धरा, मग ते दिसायला कितीही गरीब असो.

दुसरी गोष्ट एंड्युरन्स, म्हणजे सहनशक्ती. प्रत्येक लेव्हलला एंड्युरन्सच्या दहाव्या भागाएवढं आयुष्य (हेल्थ) वाढतं, आणि मागचं भरून मिळत नाही. सुरुवातीलाच आवडत्या गुणांत एंड्युरन्स निवडून रेडगार्डचे ५० चे ६० करा, जन्मरास द लेडी घ्या (आणखी २५), की ८५ वर सुरुवात होते. ४० वाला लेव्हलला ४ मिळवतो, ८५ वाला ८.५. दहा लेव्हलांत ४५ चा फरक. इतर राशी दिसायला भारी वाटतात, पण पहिल्यांदा हीच घ्यावी.

पैशाचं फार अवघड नाही. बालमोरा शहरातल्या मेजेस गिल्डमधून (जादूगारांच्या संघातून) जादूने पोचवणाऱ्या गाइडकरवी काल्डेरा गावाला जा. तिथल्या घोराक मॅनरमध्ये क्रीपर नावाचा स्कॅम्प, म्हणजे एक छोटा राक्षस, बसतो; तो माल विकत घेतो. त्याच्याकडे ५००० सोनं असतं, भाव पाडत नाही, आणि २४ तास थांबलात की गल्ला पुन्हा भरतो.

एक खोडी मात्र आधीच मोडून टाका. ट्रिब्युनल हा गेमचा जोडविस्तार चालू असेल तर लेव्हल १ लाही झोपेत मारेकरी येतो. तो एकतर तुम्हाला मारतो, नाहीतर मेल्यावर इतकं महागडं चिलखत देतो की पुढे पैशाला किंमतच उरत नाही. लाँचरमध्ये ट्रिब्युनलची खूण काढून सुरू करा, नंतर लावता येतो.

मोरोविंड चालवणारं ओपनएमडब्ल्यू हे इंजिन फुकट आहे, मूळ गेमच्या फाइली मात्र विकतच्या लागतात. जुन्या लॅपटॉपवरही ते चालतं. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४ वर असताना फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं काढायची तो आकडा) मोकळा सोडला तर साध्या गावातही पंखा किंचाळायला लागतो. सेटिंग्जमध्ये फ्रेमरेट लिमिट ६० करा, जमलं तर ३०. हा गेम ३० वरही सुंदर खेळता येतो. दुपारी लाइट जाण्याचा भरवसा नसतो, म्हणून सेटिंग्जच्या फाइलीत क्विकसेव्हची (एफ५ ने होणाऱ्या झटपट सेव्हची) मर्यादा १ ची ३ करा. एफ५ दाबल्यावर तीच एक फाइल पुन्हा लिहिली जात असेल आणि नेमका तेव्हा करंट गेला, तर तिच्यावर विसंबू नका.

नकाशावर बाण नाहीत. लोक रस्ता तोंडी सांगतात, अगदी आपल्याकडे सांगतात तसा: 'तठे जाय, मंग डावा हातले वळ.' अंतर कोणी सांगत नाही, खुणा सांगतात. अर्कन्ग्थँड या जुन्या भग्न ठिकाणाचं उदाहरण घ्या; तिथून एक पझल बॉक्स आणायचा असतो. बालमोराच्या दक्षिणेकडून बाहेर पडा, फोर्ट मूनमॉथ ओलांडा, मग ड्वेमरांचा (नाहीशा झालेल्या एका जमातीचा) जुना पूल शोधा. पुलापलीकडे नळावर एक चक्री आहे, ती फिरवली की दार उघडतं. तिथेच उभं राहून बघत बसलात तर ते पुन्हा बंद होतं. आत जाताना सगळे लुटारू मारण्यात रमतात आणि पझल बॉक्स राहून जातो. तो साधा चौकोनी डबा आहे, फळीवर ठेवलेला. पेटाऱ्यात शोधू नका.