काटा खाली आला म्हणून मी खूश झालो होतो

सुरुवात वासापासून झाली. दिंडोरी सोडलं आणि गाडीत गोडसर वास यायला लागला, गूळ पातळ केल्यावर येतो ना तसा. आई मागून म्हणाली गुऱ्हाळ असेल जवळ, मावशी म्हणाली नाही गं, रसवंती असेल, मे महिना होता त्यामुळे मला दोन्ही पटलं. काचा वर, एसी फुल, बाहेरचा वास इतका आत येईल कसा हे डोक्यात आलंच नाही. तो वास कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवायला पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा होता. गरम कूलंटचा वास गोडसर येतो, आणि त्यातल्या इथिलीन ग्लायकॉलची चवही गोड, म्हणूनच पार्किंगमध्ये सांडलेलं कुत्री चाटतात आणि त्यांच्या जिवावर बेततं. हे सगळं आता माहितीय. तेव्हा मी रसवंती शोधत होतो.

निघालो होतो सप्तशृंगी गडावर. चैत्रातल्या यात्रेच्या गर्दीत आईला नेलं नव्हतं, म्हणून मे महिन्यात मधल्या वारी जाऊ, गाडी थेट वर जाईल असा हिशोब. गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मी, बायको, आई, मावशी, आणि डिकीत ओटीचं सामान, नारळ, साडी, केळी, डबे.

आता कबुली देतो. दिवाळीपासून कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जात होती. दर पंधरा-वीस दिवसांनी बघायचो तर मिनिममच्या खाली, मग सोसायटीच्या नळाखाली पाण्याची बाटली भरायची आणि त्यात ओतायची. आमच्याकडे नाशिकच्या पाथर्डी फाट्याला बोअरचं पाणी, त्या पाण्याने गिझरची कॉइल पांढरी होऊन दोनदा गेलीय, बादलीला थर बसतो, आणि तेच पाणी मी सहा महिने इंजिनला पाजत होतो. पाणी कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय, बंद सिस्टीम आहे ती, पिऊन टाकायला तिथे कोणी बसलेलं नाही. एवढं साधं होतं. पण गाडी चालतेय ना, मग चालू दे.

वणीपर्यंत टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या जरा वर होता. नांदुरी सोडून घाट लागला, सेकंड गिअर, स्पीड वीस-पंचवीस, चार माणसं, एसी, दुपारचे बारा. म्हणजे इंजिनला काम सगळ्यात जास्त आणि समोरून रेडिएटरला, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीला, लागणारा वारा सगळ्यात कमी. काटा वर सरकत सरकत पाऊण भागाच्या पुढे गेला. एसी बंद केला, काचा उघडल्या, थांबायला जागा बघतोय तेवढ्यात काटा आपोआप खाली यायला लागला. सरसर खाली, अगदी थंड इंजिनला असतो तिथपर्यंत. आई म्हणाली बघ, देवी पावली. आणि मी, इंजिनिअरिंग केलेला माणूस, मलाही हुश्श झालं आणि मी पुढे दोन-अडीच किलोमीटर गाडी तशीच रेटली.

ह्या दोन-अडीच किलोमीटरनेच वाट लावली. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो, तो त्याच्याभोवतीच्या पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच निघून गेलं की तो नुसता हवेत लटकतो आणि काटा खाली येतो, इकडे हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, भट्टीसारखं तापत असताना. म्हणजे चढावर काटा अचानक खाली आला तर ती आनंदाची नाही, सगळ्यात वाईट बातमी. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मग खडखड आवाज, अॅक्सिलरेटर दाबतोय पण ओढ नाही, आणि बोनेटच्या फटीतून वाफ. वळणाच्या पुढे थोडी जागा होती तिथे घेतली. खाली उतरून बोनेट उघडलं, नॅपकिन घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात मागून ओरडा आला, "ओ भाऊ, हात नका लावू, तोंड भाजंल!" नारळाच्या गोण्या घेऊन वर चाललेला पिकपवाला होता. गाडी बाजूला लावून आला आणि मला चक्क बाजूला ढकललं. बरं झालं ढकललं. ते झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच असते, साधारण एक बारचा दाब धरून ठेवते, आणि त्या दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. आपल्या नाशिकच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ च्या आसपासच उकळतं, गडाच्या घाटात अजून आधी. मग ११० वर असलेल्या पाण्याचं झाकण फिरवलं तर दाब गेला आणि क्षणात ते उसळतं, वाफ आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर. माझी सिस्टीम बहुतेक रिकामी होती, पण बहुतेक वर कोणी तोंड पुढे करू नये.

पाऊण तास बसलो. माकडांनी केळी नेली. पिकपवाला पण बसला आमच्याबरोबर, घाई नव्हती म्हणाला, मला वाटतं आईने डबा उघडला म्हणून. गार झाल्यावर त्याने रेडिएटर बघितला, वरच्या प्लास्टिकच्या टाकीला ओल दाखवली आणि म्हणाला, "हळद हाये का? चमचाभर टाका, फुगून भोक बुजवती." ट्रकवाल्यांचा हा जुना जुगाड, ऐकला मी पण होता. हळद होती, ओटीतली. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. "देवीची हळद गाडीच्या पोटात घालू?" तर हा म्हणतो, "आई, दसऱ्याला बोनेटवर वाहतोच की आपण, आज आतून वाहा." ह्यावर आईकडे उत्तर नव्हतं. अख्खी पुडी गेली. त्याच्याकडचा पाण्याचा कॅन हळूहळू ओतला.

वर जायचा प्रश्नच नव्हता, निदान गाडीने. पण आई म्हणाली ओटी घेऊन निघालेय, मागे फिरणार नाही, आणि ती आणि मावशी चक्क पिकपच्या केबिनमध्ये बसून वर गेल्या. हळद वर विकत घेऊ म्हणाल्या. आम्ही दोघं उलटे फिरलो. उतारावर इंजिनला काम कमी, त्यात हीटर फुल गरमवर ठेवला, कारण हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता आत ओढते. मे महिन्यात, काचा उघड्या, पायावर गरम हवा, बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. नांदुरीला परत पाणी, वणीला परत पाणी, आणि वणीच्या पुढे सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तेव्हा गाडी बंद करून टोइंगवाल्याला फोन केला. नाशिकला द्वारका चौकातल्या गॅरेजला पोचायला सात वाजले. आई एसटीने आमच्या आधी घरी पोचली होती, प्रसाद घेऊन.

आमचे मिस्तरी, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांनी सकाळी रेडिएटर उतरवला आणि पिवळा गाळ बघून विचारलं, "याच्यात भाजी शिजवली का?" हळदीचा हिशोब असा की पितळी-तांब्याच्या जुन्या जाळीला सुईएवढं भोक असेल तर ती काही वेळ तग धरते. माझा रेडिएटर अॅल्युमिनियमचा, वर प्लास्टिकची टाकी, दोघांच्या मध्ये रबराची पॅकिंग आणि पत्रा दुमडून पकडलेला. उष्णतेने प्लास्टिक वर्षानुवर्षं ठिसूळ होत जातं, त्याला बोटभर लांब चीर होती. ती चीर हळदीने काय बुजणार, उलट ज्या नळ्या चालू होत्या त्या बुजल्या. निम्म्या आधीच माझ्या बोअरच्या क्षाराने बारीक झालेल्या होत्या. कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही, गंज आणि क्षार धरू न देणारं औषध असतं त्यात, ते मी सहा महिने पातळ करत होतो.

मग ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आत चहाच्या सायीसारखं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये, हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पॅकिंग, गेलं. हेड उतरवून नाशिकमधल्याच अंबडला लेथवाल्याकडे नेलं, त्याने सरळ पट्टी ठेवून खालून फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातली, ०.०५ मिमीपर्यंत चालतं म्हणाला, माझं ०.१५ निघालं. जेमतेम दोन केसांएवढी वाक आणि त्यापायी एवढा कुटाणा. फेसिंग (हेड घासून सपाट करणं), नवीन गॅस्केट, हेडचे नवीन बोल्ट, नवा रेडिएटर, ऑइल, कूलंट, मजुरी, टोइंग धरून साडेएकोणीस हजार. दिवाळीतच दाखवलं असतं तर रेडिएटर आणि मजुरी मिळून पाच-साडेपाचात सुटलो असतो.

एका गोष्टीवरून मात्र मी चाचांच्या पोराशी भांडलो. तो म्हणे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढूनच टाकू, आपल्याकडे गरमी आहे, कशाला पाहिजे. बऱ्याच गॅरेजमध्ये हे करतात. मग इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि हायवेला तर कायम थंडच पळतं. चाचांनी काही न बोलता थर्मोस्टॅट चहाच्या पातेल्यात टाकून गॅसवर ठेवला. पाणी उकळायच्या जरा आधी, बुडाशी बारीक बुडबुडे आले आणि तो हळूच उघडला. "चांगला आहे, बसव," एवढंच म्हणाले. त्या पातेल्यात नंतर चहा केला की नाही मी विचारलं नाही.

आता कूलंटच्या बाटलीवर परमनंट मार्करने रेघ मारलीय आणि दर रविवारी गाडी थंड असताना बघतो. दुसऱ्याच आठवड्यात पातळी बोटभर खाली दिसली आणि पोटात गोळा आला, लगेच चाचांना फोन. ते म्हणाले आत अडकलेली हवा निघते सुरुवातीला, एकदा भर आणि बघ, आणि बोअरचं घालू नकोस. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं करून भरलं, नवीन रेघ मारली. पाच रविवार झाले, पाणी त्या रेघेवरच आहे.