चोर सोडून संन्याशाला फाशी, अर्थात आमच्या टँकमधलं शेवाळ

आमच्या घरी मासा मेला की सगळ्यांचं बोट आधी काचेवरच्या शेवाळाकडे जातं. आई म्हणते बघ किती हिरवं केलंयस, त्यातच गुदमरला असेल. बायको म्हणते आण ना एकदाचं ते औषध. आणि दुकानवाला तर बाटली काढायला टपलेलाच असतो, सर एक झाकण टाका, दोन दिवसांत पाणी एकदम क्रिस्टल. चार फुटी टँक आहे, साधारण अडीचशे लिटरचा, आणि त्यात आफ्रिकन सिक्लिड जातीचे मासे, म्हणजे लेक मलावीचे खडकांत राहणारे म्बुना. इलेक्ट्रिक यलो, रेड झेब्रा, थोडे डेमासोनी आणि एकेकाळी एक ऑराटस, त्या महाशयांचं पुढे येईलच. या टँकमध्ये मासे मेलेत, खोटं कशाला बोलू, बरेच मेलेत. पण शेवाळामुळे मेलेला एकही मला आठवत नाही, शेवाळ घालवायच्या नादात गेलेले मात्र चांगले लक्षात आहेत.

मुळात हे मासे शेवाळच खातात हो. लेक मलावी म्हणजे मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेलं अवाढव्य तळं, त्याच्या दक्षिणेकडचा एक भाग १९८४ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे तो मुख्यतः याच माशांमुळे. तिथले पाण्याखालचे खडक शेवाळाने गच्च माखलेले असतात आणि त्या शेवाळात बारीक किडे, अळ्या, कवचवाले जीव असं सगळं राहतं, आणि म्बुना दिवसभर तेच खरवडत बसतात. माझा रेड झेब्राचा नर बघायला या कधी. दगडासमोर सरळ काटकोनात येतो, ओठ टेकवतो, तोंडाची भराभर उघडमीट करतो आणि एक झटका देऊन मागे सरकतो, दगडावर तेवढाच एक फिकट ठिपका उरतो. मग दोन इंच बाजूला जाऊन परत तेच. अख्खी सकाळ. दगड सगळे साधे काळे पत्थर आहेत, आपला सह्याद्रीचा बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही आणि फुकट मिळतो, दुकानातल्या रंगीत दगडांच्या नादी लागू नका. त्यावर वाढलेलं हिरवं शेवाळ मी कधीच घासत नाही. फुकटचं जेवण आहे ते.

अर्थात सगळं शेवाळ सारखं नसतं. नवीन टँकमध्ये पहिल्या काही महिन्यांत काचेवर जी तपकिरी धूळ बसते ना, बोट फिरवलं की निघणारी, ती डायटम्स, तिला घाबरायचं कारण नाही, टँक मुरला की आपली आपण कमी होते. हिरवे चिवट ठिपके म्हणजे लाईट भरपूर, बाकी ठीक. लांब केसांसारखं वाढायला लागलं तर लाईटही जास्त आणि खाणंही जास्त. काळी दाढी असते ती फिल्टरच्या पाइपवर धरते आणि सहजासहजी जात नाही, पण माशांना तिचा काही त्रास नाही, आपल्या डोळ्यांना आहे. एकाच गोष्टीकडे खरं लक्ष द्यायचं, ती निळसर हिरवी बुळबुळीत साय, जी चादरीसारखी सोलून निघते आणि जिला कुबट वास येतो. ते शेवाळ नाहीच, ते बॅक्टेरिया असतात, सायनोबॅक्टेरिया, आणि ते आले म्हणजे बहुतेक वेळा तळात घाण साचलीय नाहीतर कुठेतरी पाणी फिरत नाहीये. साय सायफनने ओढून काढा, दोनतीन दिवस टँक पूर्ण अंधारात ठेवा, हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन मात्र चालू ठेवा, आणि पंपाचं तोंड त्या कोपऱ्याकडे वळवा.

आता मुख्य प्रकरण. मे महिन्यात आम्ही गावाला गेलो होतो आणि घरी सासरेबुवा राहायला आले होते. खाणं किती घालायचं ते मी कागदावर लिहून फ्रीजला चिकटवलं होतं, स्पिरुलिनाच्या गोळ्या चिमूटभर, बस्स. आम्ही परत आलो तर दारातच, "जावईबापू, टाकी बघा आधी, आरसा केलाय आरसा!" आणि खरंच आरसा होता. सगळे दगड बाहेर काढून ब्रशने घासलेले, वाळू बादलीत धुतलेली, पाणी शंभर टक्के नवीन, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळलेला आणि फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा, हे ऐका, गच्चीत उन्हात वाळत घातलेल्या. त्या माणसाने अख्खा दिवस राबून हे केलं होतं, त्यांना काय बोलणार? "छान झालंय बाबा" म्हणालो आणि टेस्ट किट काढायला आत गेलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मासे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजून अजून अमोनिया होतो, आणि फिल्टरमध्ये, वाळूत, दगडांवर जे बॅक्टेरिया चिकटून बसलेले असतात ते त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विष, तिसरं बऱ्यापैकी चालतं. हे बॅक्टेरिया पाण्यात कमी आणि पृष्ठभागांवर जास्त असतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलल्याने ते जात नाहीत, पण स्पंज नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्यात पिळला आणि रिंगा उन्हात वाळवल्या की जातात. आणि आफ्रिकनवाल्यांसाठी यात अजून एक मेख आहे. आपण या माशांसाठी मुद्दाम पीएच आठच्या वर ठेवतो, कोरल सँड घालतो कारण आपलं खडकवासल्याचं पाणी त्यांच्यासाठी फार मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त विषारी. २८ डिग्रीला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो, पीएच ८.२ असेल तर साधारण दहा टक्के. म्हणजे मित्राच्या गप्पीच्या टँकमध्ये जे रीडिंग निभावून जातं त्याच रीडिंगला आपले मासे गचके खातात.

पहिल्या दिवशी अमोनियाची ट्यूब पिवळी होती, म्हणजे अमोनिया नाही. मग हिरवट. मग चांगली हिरवी, म्हणजे अमोनिया वाढतोय. पाणी इतकं स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं, आणि मासे पृष्ठभागाशी तोंड वासून, कल्ले फडफडवत. रोज निम्मं पाणी बदललं, त्यातलं क्लोरीन घालवूनच, खाणं पूर्ण बंद, आणि एका मित्राकडून त्याच्या चालू टँकमधला मळका स्पंज उचलून आणला आणि तसाच माझ्या फिल्टरमध्ये कोंबला. त्या मळकट स्पंजची किंमत तेव्हा सोन्याची होती. पुढे नायट्राइट वाढलं तेव्हा थोडं खडे मीठ घातलं, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही, हा स्वस्त आणि खरोखर लागू पडणारा उपाय आहे. तरी डेमासोनी जवळजवळ सगळे गेले आणि रेड झेब्राची मोठी मादी गेली. बाबांना अजून सांगितलेलं नाही. मासे म्हातारे झाले होते असं त्यांना वाटतं, आणि ते ब्लॉग वाचत नाहीत.

दुकानातल्या औषधाचंही तेच. समजा त्याने शेवाळ मेलं, पुढे काय? ते मेलेलं शेवाळ टँकमध्येच राहतं, कुजतं, कुजताना ऑक्सिजन खातं आणि वर अमोनिया सोडतं. आणि ज्या नायट्रेटवर आणि लाईटवर ते पोसलं होतं ते दोन्ही तिथेच, त्यामुळे महिन्याभरात परत हिरवं. परत बाटली. दुकानवाल्याचं चांगलं चालतं.

वळवाच्या पावसात गेलेल्यांची गोष्ट वेगळी. वारा सुटला, झाड पडलं, रात्रभर लाईट नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकचं पाणी सहज तिशी गाठतं, आणि ३० डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २० डिग्रीला नऊच्या वर मावतो. त्यात पंप बंद, मासे ठासून भरलेले, आणि अंधारात शेवाळही ऑक्सिजन देत नाही, घेतं. पहाटे मोठे मासे आधी जातात, लहान टिकतात, हे दिसलं की समजायचं हवेचा प्रश्न आहे. आणि कॅनिस्टर फिल्टरवाल्यांनो, म्हणजे टँकबाहेर बंद डब्याचा फिल्टर असणाऱ्यांनो, बरेच तास लाईट गेल्यावर तो तसाच परत चालू होऊ देऊ नका, आत अडकलेलं पाणी सडलेलं असतं, ते आधी बादलीत ओतून टाका. बॅटरीवर चालणारा एअर पंप मिळतो, लाईट गेली की आपोआप चालू होणारा, सिक्लिड ठेवणाऱ्याने दुसरं काही घेण्याआधी तो घ्यावा.

ऑराटस. दिसायला देखणा, पिवळ्या काळ्या पट्ट्यांचा, दुकानात नखाएवढा होता. नर मोठा झाला, रंग बदलून काळा पडला आणि अख्खा टँक स्वतःच्या नावावर करून घेतला. सकाळी हीटरच्या मागे एखादा यलो सापडायचा, शेपटी कुरतडलेली, खवले उडालेले. त्यावरही घरचं मत शेवाळच! त्याला दुकानात परत दिला आणि आठवड्याभरात टँक शांत. म्बुना घ्यायचे तर एका नरामागे तीनचार माद्या, टँक थोडा भरलेलाच, लपायला कपारी भरपूर, आणि ऑराटस नको म्हणजे नको, कुणी कितीही स्वस्त दिला तरी.

पोट फुगून मरणारे अजून वेगळे. खाणं सोडतात, कोपऱ्यात जोरजोरात श्वास घेत बसतात, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी. मलावी ब्लोट म्हणतात. नेमकं कशामुळे होतं यावर जाणत्यांचं एकमत नाही, पण या माशांचं आतडं लांब असतं, पाला पचवायला बनलेलं, आणि त्यांना रोज ट्यूबिफेक्स आणि रेड वर्म असे किडे चारले की धोका वाढतो हे बहुतेक सगळे सांगतात. वाटाणा उकडून, साल काढून द्या, आवडीने खातात.

मग शेवाळ इतकं का वाढत होतं याचा शोध मला बादलीत लागला. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीला टँकर येतो, आणि एकदा सहज म्हणून टँकमध्ये जायच्या आधीच, बादलीतल्या पाण्याचं नायट्रेट तपासलं तर ट्यूब लालभडक. किटची दुसरी बाटली नीट अर्धा मिनिट हलवली नाही तर रीडिंग कमी येतं, म्हणून परत हलवून केलं, तरी लाल. कुठल्या तरी शेताकडेच्या विहिरीचं पाणी असणार, युरिया मुरलेलं. म्हणजे शेवाळ कमी व्हावं म्हणून मी पाणी बदलत होतो आणि प्रत्येक बादलीबरोबर शेवाळाला खत घालत होतो. पाणी कडक आहे, पीएच चांगला आहे, त्या दृष्टीने या माशांना ते मानवतं, फक्त नायट्रेटचं तेवढं बघायला हवं. आता टँकरच्या दिवसांत महापालिकेचं पाणी येईल तेव्हा पिंपात साठवून ठेवतो आणि निम्मं निम्मं मिसळतो. आणि टॉप फिल्टरच्या ट्रेमध्ये मनी प्लांट सोडलाय, मुळं पाण्यात, पानं बाहेर. टँकमध्ये सोडला तर मुळं चावून संपवतात, वर ट्रेमध्ये सुरक्षित. वेल आता पडद्याच्या दांडीपर्यंत गेलाय आणि आईला एकूण टँकमध्ये तेवढीच एक गोष्ट आवडते.

लाईट टायमरवर, दिवसाला सहासात तास, आणि बाल्कनीच्या बाजूला पडदा. समोरची काच जुन्या एटीएम कार्डाने खरवडतो, बाजूच्या आणि मागच्या काचा आहेत तशा. फिल्टरचा स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात दोनदा बुचकळायचा, एवढंच, आणि रिंगांना हात नाही.

आणि कृपा करून शेवाळ खायला म्हणून सकर मासा आणू नका. दुकानात बोटभर असतो, वाढून दीड फुटाचा होतो, शेवाळापेक्षा घाण जास्त करतो, आणि मग नकोसा झाला की लोक नदीत नेऊन सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा सकरबद्दल काय वाटतं ते.

सध्या इलेक्ट्रिक यलोच्या दोन माद्यांच्या तोंडात पिल्लं आहेत, गाल टम्म फुगलेत आणि खाणं बंद आहे. तीनेक आठवडे आई तोंडात वागवते आणि मग सोडते. एवढी पिल्लं ठेवायला माझ्याकडे जागा नाही, त्यामुळे पुण्यात कुणाला हवी असतील तर इंचभर झाली की घेऊन जा, पैसे नकोत. फक्त येताना तुमच्या टँकचं पाणी एका छोट्या बाटलीत आणा, अमोनिया तपासूनच देणार. आणि घरी ऑराटस असेल तर येऊच नका.