आधी दिंडी, मग खोली

टर्मिनलमध्ये ‘वर्कऑन हिशेब’ लिहून एंटर दाबलं की माझ्या पडद्यावर एक ओळ उमटते: ‘या, बसा. डेटाबेस चाचणीचाच आहे, बिनधास्त राहा.’ ‘वर्कऑन’ ही कमांड वर्च्युअलएन्व्हरॅपर या अवजाराची, पण ही ओळ त्याची नाही, मी घातलेली आहे. ती घालायला जागा मात्र त्याने ठेवली होती. या अवजाराचं मला कौतुक आहे ते त्या रिकाम्या ठेवलेल्या जागांसाठी.

पायथन लिहिणाऱ्यांना हे प्रकरण पाठ असतं, इतरांसाठी थोडक्यात सांगते. एका जुन्या गिऱ्हाइकाचं काम जँगो या वेब फ्रेमवर्कच्या १.११ आवृत्तीवर अडून बसलंय, नव्याला ४.२ हवंय. दोन्ही एकत्र नांदणं शक्य नाही. म्हणून इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये वर्च्युअलएन्व्ह लिहिलं: प्रत्येक प्रकल्पाला त्याचा त्याचा पायथन, त्याच्या त्याच्या लायब्ऱ्या. अशा वेगळ्या कप्प्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. पुढे २०१२ मध्ये पायथन ३.३ बरोबर ‘व्हेन्व्ह’ आलं आणि ही सोय घरचीच झाली. डग हेलमन यांचं वर्च्युअलएन्व्हरॅपर या सगळ्याच्या वरचा शेलचा, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, थर. सगळी एन्व्हायर्नमेंट्स एका फोल्डरात राहतात आणि आपण नुसतं नाव घ्यायचं. लांबलचक पाथ टाइप करायची कटकट संपते.

आत शिरणं म्हणजे तरी काय होतं? शेल प्रोग्रॅम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या ‘पाथ’ नावाच्या यादीत सगळ्यात पुढे त्या एन्व्हायर्नमेंटचा ‘बिन’ फोल्डर जोडला जातो, एका व्हेरिएबलमध्ये त्याचा पत्ता जातो आणि प्रॉम्प्टच्या आधी कंसात नाव दिसायला लागतं. बस. एवढ्याशा गोष्टीभोवती नव्या मुलांना केवढी भीती घालून ठेवलेली असते!

खरी गंमत हुक्सची, म्हणजे ठरल्या प्रसंगी आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलींची आहे. एन्व्हायर्नमेंट तयार होताना, त्यात शिरताना, बाहेर पडताना, ते पुसताना, अशा प्रत्येक प्रसंगाच्या आधी आणि नंतर वाचायच्या फाइली ठरलेल्या असतात: प्रीॲक्टिव्हेट, पोस्टॲक्टिव्हेट, प्रीडिॲक्टिव्हेट, पोस्टडिॲक्टिव्हेट वगैरे. सुरुवातीला त्या रिकाम्याच असतात. आपली कधी गरज पडेल हे सांगणारी एक कॉमेंट तेवढी डोक्यावर घेऊन पडून असतात. शिरण्या-निघण्याच्या फाइली दोन ठिकाणी असतात. एक संच सगळ्यांसाठी सामाईक, दुसरा त्या त्या एन्व्हायर्नमेंटच्या पोटात.

त्यांचा क्रम मला फार आवडतो. आत शिरताना आधी सामाईक पोस्टॲक्टिव्हेट वाचली जाते, मग त्या एन्व्हायर्नमेंटची स्वतःची. निघताना उलट: प्रीडिॲक्टिव्हेट आधी आतली, मग सामाईक. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या वाड्यात हेच चालायचं. येताना आधी सगळ्यांची दिंडी, म्हणजे थोरल्या दरवाज्यातलं छोटं दार, मग आपली खोली; जाताना आधी खोलीची कडी, मग दिंडी. हा क्रम कुणी शिकवावा लागत नाही, पण प्रोग्रॅमात तो कुणाला तरी विचार करून लिहावा लागतो.

माझ्या सामाईक फाइलीत फक्त प्रॉम्प्टचा रंग ठरतो. नावात ‘लाइव्ह’ असेल तर लालभडक, नाहीतर हिरवा. बाकी सगळं आतल्या फाइलींत. तिथे जँगोची सेटिंग्ज कुठली, डेटाबेसचा पत्ता कुठला, हे एक्स्पोर्ट होतं, म्हणजे शेलमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमांना व्हेरिएबल म्हणून दिलं जातं. आणि इथेच बहुतेक लोक अर्ध्यावर थांबतात. शिरताना एक्स्पोर्ट लिहितात, निघताना ते पुसणारं अनसेट लिहीत नाहीत. पसारा मांडायचा उत्साह सगळ्यांना, आवरायला कुणी नाही. ‘डिॲक्टिव्हेट’ म्हटल्यावर वर्च्युअलएन्व्ह स्वतः बदललेला पाथ परत जागेवर ठेवतं, पण तुम्ही घातलेल्या व्हेरिएबल्सची त्याला काय कल्पना? ती शेलमध्ये तशीच राहतात, पुढच्या प्रकल्पात तुमच्याबरोबर जातात, आणि तिथला प्रोग्रॅम भलत्याच गिऱ्हाइकाचा डेटाबेस निमूट उघडतो. एररसुद्धा येत नाही, हे सगळ्यात वाईट.

म्हणून मी एक छोटी भर घातली आहे. नवं एन्व्हायर्नमेंट तयार झालं की पोस्टएमकेवर्च्युअलएन्व्ह हा हुक वाचला जातो. त्यात मी चार ओळी लिहिल्या आहेत. त्या नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये व्हेरिएबल्सची एक यादी-फाइल ठेवतात आणि शिरण्या-निघण्याच्या दोन्ही फाइलींना तीच यादी वाचायला लावतात. एकीने यादीतलं सगळं एक्स्पोर्ट करायचं, दुसरीने तेवढंच अनसेट करायचं. यादीत नाव वाढवलं की दोन्हीकडे वाढतं. ‘वर्कऑन’ने थेट दुसऱ्या प्रकल्पात उडी मारली तरी चालतं, कारण तो आधी जुन्यातून रीतसर बाहेर पडतो आणि मगच नव्यात शिरतो.

आमचे काका गणिताचे निवृत्त शिक्षक. रविवारी सकाळी पोहे-जलेबी घेऊन येतात, पोह्यांवर शेव आणि जिरावण हा मसाला दुकानदाराकडून दुप्पट घालून घेतलेला असतो, आणि खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसतात. त्यांनी एकदा नेमका प्रश्न विचारला.

“अगं, ही तुझी पोस्टॲक्टिव्हेट म्हणजे एक प्रोग्रॅमच ना? मग ती चालवत का नाहीत? ‘सोर्स’ करतात म्हणतेस, ते काय?”

“काका, चालवली तर शेल तिच्यासाठी वेगळी प्रोसेस काढतं. तिला चाइल्ड म्हणतात. तिला पेरेंटच्या व्हेरिएबल्सची नक्कल मिळते. ती नकलेत काय वाटेल ते बदलो, संपली की नक्कलही गेली. पेरेंट होतं तसंच.”

“म्हणजे मुलाने काहीही केलं तरी बापात फरक पडत नाही?”

“कणभरही नाही.”

“मग हे युनिक्स आपल्याच घरातलं दिसतंय,” म्हणाले आणि जलेबीकडे वळले.

त्यांच्या विनोदात सगळं येतं खरं. सोर्स करणं म्हणजे त्या फाइलीतल्या ओळी शेलने स्वतः, स्वतःच्या अंगावर चालवणं. म्हणून ‘डिॲक्टिव्हेट’ हासुद्धा वेगळा प्रोग्रॅम नसून शेलमधलं फंक्शन आहे. आणि म्हणूनच प्रीॲक्टिव्हेटमध्ये एक्स्पोर्ट लिहून हाती काही लागत नाही. ती फाइल सोर्स होत नाही, चालवली जाते. तिथे काही छापा, एखादी फाइल तपासा, पण शेलमध्ये काही मागे ठेवायची अपेक्षा धरू नका.

ज्यांना शेलची भाषा नकोशी वाटते त्यांनी पायथनमध्ये प्लगइन लिहावं. हेलमन यांच्याच स्टीव्हडोर या लायब्ररीतून ते ओळखलं जातं. पायथनलाही शेलमध्ये थेट हात घालता येत नाहीच. त्याने शेलच्या ओळी मजकूर म्हणून परत द्यायच्या, त्या एका तात्पुरत्या फाइलीत उतरतात आणि ती फाइल शेल सोर्स करतं. युक्ती सुरेख आहे. पण एका माणसाच्या लॅपटॉपवरच्या चार ओळींसाठी पॅकेज बांधणं मला तरी अतीच वाटतं. दहा जणांच्या टीमला एकच शिस्त लावायची असेल तर गोष्ट वेगळी.

माझा लाडका हुक मात्र निव्वळ निरुपयोगी आहे. सामाईक प्रीडिॲक्टिव्हेटमध्ये घड्याळ बघणारी एक अट आहे. सकाळी दहाच्या आत बाहेर पडलं तर ‘निघालात? पोहे खाऊन जा’, रात्री नऊनंतर ‘सराफा लागला असेल’, मधल्या वेळी काहीच नाही. पुण्याच्या सहकाऱ्याने स्क्रीन शेअर करताना ते पाहिलं आणि “तुम्हा इंदूरकरांना कोडमध्येसुद्धा खायचंच सुचतं का?” म्हणाला. सराफ्यात दागिन्यांची दुकानं मिटल्यावर त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा किस शिजायला आणि गराडू नावाचा कंद तळायला लागतात, हे त्याला समजावण्यात मीटिंगची पाच मिनिटं गेली. तेवढीच त्या मीटिंगमध्ये कामाची होती.

आता दुसरी अवजारंही आहेत. डायरएन्व्ह फोल्डरमध्ये पाऊल टाकताच तिथली व्हेरिएबल्स लावतं, बाहेर पडताच काढतं, आणि त्याची फाइल बदलली की पुन्हा परवानगी मागितल्याशिवाय हलत नाही. ही मागणी मला रास्त वाटते. २०२४ मध्ये आलेलं, रस्टमध्ये लिहिलेलं यूव्ही तर ‘यूव्ही रन’ म्हटलं की आत न शिरताच काम उरकून देतं. सर्व्हरवरच्या, ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांना मी आता तेच वापरते. तिथे आत येऊन बसणारं कुणी नसतंच. पण एकाच प्रकल्पात दुपारभर ठाण मांडून, दहा कमांड मारून बघत, चुकत-सुधारत काम करायचं असतं, तेव्हा आपण कुठे आहोत हे सांगणारा लाल किंवा हिरवा प्रॉम्प्ट मला डोळ्यांसमोर लागतो, आणि अशा दुपारी मी अजून ‘वर्कऑन’च लिहिते.