बसलं की धाप, आडवं पडलं की बरं

लिव्हर सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटला दम लागतोय म्हटलं की आमच्या डोक्यात ठरलेली यादी फिरते, पोटात पाणी, छातीत पाणी, न्यूमोनिया, हार्ट. वॉर्डातल्या या पन्नाशीच्या काकांना त्यातलं काहीच लागू होईना. पोटात पाणी अगदी थोडं, एक्सरे जवळपास साफ, ताप नाही. पण नखं निळसर आणि बोटांची टोकं फुगलेली, छातीवर बारीक लाल शिरांची जाळी.

सिस्टर वेगळ्याच कारणाने वैतागलेल्या. धाप लागलेल्या पेशंटचं डोकं वर ठेवायचं हे आम्हाला सगळ्यांना घोकून घेतलेलं असतं, त्या बेड वर करून जायच्या आणि काका थोड्या वेळात घसरत खाली. "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना, ऐकतच नाहीत." मी सांगायला गेलो तर काका म्हणाले, "साहेब, बसलं की जीव कासावीस होतो, आडवं पडलं की बरं वाटतंय, मग बसू कशाला?"

हार्ट फेल्युअरवाल्याचं बरोबर उलटं असतं, तो रात्री उठून बसतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला. आडवे असताना 95. बसवलं आणि गावाकडच्या गप्पा मारत थांबलो, आकडा हळूहळू 87 वर. पुन्हा झोपवलं, पुन्हा वर! सिस्टरपण बघत राहिल्या.

मग बबल इको, म्हणजे शिरेत बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी करत ते कुठे जातात ते बघायचं. 9 मिली सलाईन, 1 मिली हवा, दोन सिरिंज थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) जोडून इकडून तिकडे जोरजोरात फिरवायचं आणि फेस झाला की लगेच हाताच्या शिरेत. "हवा सोडताय आत?" मुलगा घाबरलाच. त्याला सांगितलं की बुडबुडे बारीक असतात, फुफ्फुसात अडकून तिथेच विरतात. आणि ते विरतात का हेच तर बघायचं होतं, कारण निरोगी फुफ्फुसातल्या केशवाहिन्या जेमतेम 8-10 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यातून हे बुडबुडे पलीकडे जातच नाहीत.

हृदयाची उजवी बाजू गोटी सोडा फोडावा तशी भरली. आता ठोके मोजायचे. पहिल्या तीन ठोक्यात डावीकडे दिसले तर बहुतेक हृदयाच्या पडद्यातच भोक, त्यानंतर दिसले तर फुफ्फुसातून वाट काढून आलेले. एक, दोन, तीन, काही नाही, चार, आणि पाचव्याला डाव्या कप्प्यात पांढरे ठिपके उतरायला लागले.

हेपॅटोपल्मनरी सिंड्रोम. लिव्हर एवढं बिघडलं की नायट्रिक ऑक्साईडसारखी द्रव्यं वाढून फुफ्फुसातल्या बारीक वाहिन्या फुगतात, रक्त ऑक्सिजन पुरता न घेताच पुढे सटकतं. फुगलेल्या वाहिन्या जास्त करून फुफ्फुसाच्या खालच्या भागात, माणूस बसला की रक्तही तिकडेच जास्त उतरतं, म्हणून बसल्यावर त्रास. काका स्वतःची ट्रीटमेंट स्वतःच करत होते, आम्हीच त्यांना सरळ बसवत होतो.

औषध विचाराल तर यावर खात्रीचं एकही नाही. घरी ऑक्सिजन, आणि बरं करणारा उपाय एकच, लिव्हर ट्रान्सप्लांट. मुलाने विचारलं, "मग फुफ्फुसंपण बदलायची का?" नाही, नवीन लिव्हर बसलं की त्या वाहिन्या बहुतेकांच्यात आपोआप पूर्ववत होतात, पण सहा महिने, कधी वर्षही लागतं, तोपर्यंत नळी नाकाला राहू शकते. तो थोडा वेळ गप्प बसला, मग स्वतःचा ब्लडग्रुप सांगून म्हणाला, "माझं चालेल का ते कधी तपासायचं?"