अरुणाचलाची प्रदक्षिणा, पोरांना घेऊन

आमची मुलं चेन्नईत जन्मली, इथल्याच शाळेत जातात, त्यामुळे त्यांचे देव जरा मिक्स झालेत. गणपतीला पिळ्ळैयार म्हणतात, मोदक आणि कोळुकट्टै दोन्ही हाणतात, ते ठीकच, पण धाकट्याने एकदा माझ्या सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर विचारलं की आजी तुमच्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, बायकांनी दर्शनही घ्यायचं नाही, मग आमच्या इथल्या मुरुगनला, म्हणजे त्याच कार्तिकस्वामीला, वळ्ळी आणि देवयानै अशा दोन दोन बायका कशा? सासूबाई गप्प. शेजारच्या पाट्टींना, म्हणजे आजींना, सांगितलं तर त्या खो खो हसत सुटल्या, म्हणाल्या रागावून दक्षिणेत आला ना तो, इथे येऊन राग गेला असेल. या पाट्टी तंजावूरकडच्या, तुकोबांचे अभंग तमिळ उच्चारात असे गातात की ऐकत राहावं, तिकडे भजनात मराठी अभंग गायची जुनी पद्धतच आहे. त्यांनीच सांगितलं, पोरांना देव समजावत बसू नका, पौर्णिमेला तिरुवण्णामलैला, अरुणाचल डोंगराच्या गावी, न्या आणि चालवा.

सासरी पंढरीची वारी आहे, पण शाळा जूनमध्ये सुरू झाली की मुलांना काही आषाढीला नेता येत नाही. म्हटलं चला, इथली वारी तर इथली.

चेन्नईहून तिंडिवनमवरून जाताना वाटेत जिंजी लागते, रस्ता अक्षरशः किल्ल्याच्या डोंगरांमधूनच जातो. हे उत्साहात सांगायला लागले की 1677 मध्ये शिवाजी महाराजांनी हा घेतला, पुढे राजाराम महाराज रायगडाकडून इतक्या लांब येऊन इथे राहिले आणि मोगलांना वेढा घालून जिंजी घ्यायला 1698 उजाडलं. लेक म्हणाली बाबा, हा तर देसिंगु राजाचा किल्ला. तिच्या मैत्रिणीच्या आजोबांनी तिला तेज सिंहाची म्हणजे देसिंगु राजाची गोष्ट सांगितलेली, तमिळ लोकगाथांमधला हिरो आहे तो. गाडीत मग बराच वेळ वाद, शेवटी दोघांनी वाटून घेतला किल्ला. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत आपल्या किल्ल्यांबरोबर जिंजीचंही नाव आलं तेव्हा लेक खूश होती, तिच्या मते दोघांचाही नंबर लागला.

तिरुवण्णामलैचं विशेष म्हणजे डोंगर हाच देव. पंचभूतांच्या पाच लिंगांपैकी हे अग्नीचं. ब्रह्मा आणि विष्णूचं भांडण, मोठा कोण, मग शंकर आगीचा खांब होऊन उभा राहिला, ब्रह्मदेव हंस होऊन वरचं टोक शोधायला गेला, सापडलं नाही तरी सापडलं म्हणून थाप मारली आणि केवड्याने खोटी साक्ष दिली. तो खांब निवून झाला अरुणाचल. त्याला पायी वळसा घालायचा त्याला गिरिवलम म्हणतात, 14 किलोमीटर, अनवाणी, डोंगर कायम उजव्या हाताला. मला हे मुलांसाठी फार सोयीचं वाटलं खरं सांगायचं तर. चार तास रांगेत उभं राहून चार सेकंदांचं दर्शन पोरांना काय कळणार, इथे देव रात्रभर शेजारीच आहे, मान वळवली की दिसतो.

दुपारी आधी रमणाश्रमात जाऊन आलो. रमण महर्षी 1896 मध्ये सोळा वर्षांचे असताना घर सोडून इथे आले आणि 1950 मध्ये जाईपर्यंत हा डोंगर सोडून कुठे गेले नाहीत, हे मुलांनी नुसतं ऐकून घेतलं. पण आश्रमात लक्ष्मी गाईची समाधी आहे, शेजारी हरणाची, कावळ्याची, कुत्र्याचीसुद्धा, तिथून ती हलेचनात. कावळ्याला पण समाधी? हो रे बाबा, कावळ्याला पण. धाकट्याने तिथे जितका मनापासून नमस्कार केला तितका अजून कुठल्याच देवळात केला नव्हता.

रात्री निघालो कारण दिवसा तो रस्ता पायाला चटके देतो. देवळाचा पूर्वेचा राजगोपुर, म्हणजे दारावरचा मनोरा, 217 फूट, अकरा मजली, कृष्णदेवरायाने सुरू केला आणि तंजावूरच्या नायकांनी पुरा केला, त्याच्यासमोर कापूर लावला आणि गर्दीत शिरलो. आणि गर्दी म्हणजे काय, तमिळ तर आहेतच पण आंध्र तेलंगणाचे इतके की दुकानांच्या पाट्याही तेलुगूत झाल्यात. दिंडी नाही, टाळ मृदंग नाही, जो तो आपापला चाललेला, सुरुवातीला मला ते जरा कोरडं वाटलं. मग मागून कुणीतरी ओरडतं अण्णामलैयारुक्कु... (अण्णामलैयार म्हणजे इथला शंकर) आणि सगळा रस्ता म्हणतो अरोहरा! एकदा पोरांना हे कळल्यावर संपलं, पुढचे दोन किलोमीटर लीड तेच करत होते आणि मोठमोठे मिशीवाले मामा त्यांना साथ देत होते. मध्येच लेकीने ज्ञानोबा माऊली तुकाराम सुरू केलं तर आजूबाजूच्यांनी त्यालाही अरोहरा ठोकून दिलं.

रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं, उजवी बाजू डोंगराकडची, तिथून सिद्धपुरुष अदृश्य रूपात चालतात असं मानतात. हे कळल्यापासून धाकटा कुणी उजवीकडे गेलं की जाऊन सांगायचा, अंकल, सिद्धरला धक्का लागेल. एका पोलीस काकांनाही सांगितलं. ते सरकले हो खरंच!

वाटेत आठ दिशांची आठ लिंगं, इंद्र, अग्नी, यम, निऋती, वरुण, वायू, कुबेर, ईशान्य, लेकीने शाळेत दिशा शिकल्यात त्यामुळे ती प्रत्येक ठिकाणी मोबाईलवर होकायंत्र काढून चेक करत होती. कुबेरापाशी तुफान गर्दी, बाकीच्यांपाशी बरीच कमी, यावर नवऱ्याने जी कॉमेंट केली ती इथे लिहीत नाही. खाण्याची तर चंगळच, कुणी ताक देतंय, कुणी द्रोणात दहीभात, पुळियोदरै म्हणजे चिंचेचा भात, सुक्कु कापी म्हणजे सुंठीची कॉफी, उकडलेल्या शेंगा. घरी भात बघून तोंड वाकडं करणारी माझी लेक रस्त्यावर कडेला बसून अनोळखी माणसाने वाढलेला दहीभात बोटं चाटून खात होती आणि वाढणारे मामा विचारत होते अजून वाढू का कण्णा.

भगव्यातले साधू, भिकारी, दोन्ही बसलेले असतात रस्त्याभर. यातला खरा साधू कोण, असं धाकट्याने विचारलं. नवरा म्हणाला आपल्याला काय करायचंय, सुट्टे संपेपर्यंत दे. मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण मुलाला पटलं.

कुबेर लिंगाच्या पुढे इडुक्कु पिळ्ळैयार. अगदी छोटं बांधकाम, तीन दारं, तीही एका रेषेत नाहीत, मागून शिरायचं आणि कुशीवर होऊन सरपटत पुढून निघायचं. पाठदुखी जाते म्हणतात, पुनर्जन्मही चुकतो म्हणतात. मुलं सुळकन गेली, परत रांगेत लागून पुन्हा गेली. माझा नंबर आला तेव्हा मधल्या दारात मी अडकले आणि बाहेरून माझीच पोरं तमिळमध्ये लोकांना सांगत होती की आमची अम्मा अडकलीय, थांबा. एका बाईंनी हाताला धरून ओढलं तेव्हा सुटले. पाठ दुसऱ्या दिवशी जास्तच दुखली हे वेगळं.

ईशान्य लिंगाजवळ स्मशान आहे. तिथे दोघंही आपोआप हात धरून चालायला लागले, मी काही बोलले नाही.

मुलं बरोबर असली तर सहा तास तरी धरा. मोजे घालून चालणारे खूप दिसले, लहानांना घालायला काहीच हरकत नाही. पौर्णिमेला बस गावाबाहेरच थांबतात, त्यामुळे 14 किलोमीटरच्या आधीच बरंच चालणं होतं, आदल्या दिवशी पोचलेलं बरं आणि रूम महिनाभर आधी बघा, त्या दिवसाचे भाव भयंकर असतात. कार्तिकै दीपमला, म्हणजे डोंगराच्या माथ्यावर कढईत हजारो किलो तुपाचा दिवा पेटतो तेव्हा, लहान मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका, लाखो लोक असतात, मूल खांद्यावरून खाली ठेवता येणार नाही. आणि पौर्णिमाच पाहिजे असंही नाही, कुठल्याही साध्या दिवशी पहाटे चारला निघालात तर ऊन तापायच्या आत निम्म्याहून जास्त होतं, फक्त दहीभात स्वतःचा न्यावा लागेल.